फळीवरचा तो एक तास

गोंदियाच्या डॉक्टरांनी मला रोज एक पान लिहायला सांगितलं, हाताची थरथर कमी व्हावी म्हणून. सुरुवातीला मी नुसती मालाची नावं लिहायचो. मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, लाख. पुन्हा मोह, चारोळी. अक्षर ओळ सोडून उड्या मारायचं. वर्षभराने ते ओळीवर राहायला लागलं, तेव्हा हे लिहायला घेतलं. ज्या घरातला माणूस उन्हात काम करतो आणि माझ्यासारखा तोंडाचा फटकळ आहे, त्या घराने हे वाचावं. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील. मी फक्त काय झालं ते सांगतो.

आधी मी कोण ते. चिचगडकडच्या जंगलपट्टीत मी सायकलवर मिठाचं पोतं लादून गावोगाव फिरायचो आणि मीठ देऊन चारोळी घ्यायचो. किती मिठाला किती चारोळी घेत होतो, ते आज लिहायला बरं वाटत नाही. पण मी त्यातूनच उभा राहिलो. बापाकडून मला शेताचा एक धुरासुद्धा, नुसता बांधसुद्धा, आला नव्हता. सायकलीची मोटारसायकल झाली, मग जुनी जीप झाली. आठवडी बाजारात मोह, लाख, चारोळी घ्यायची आणि उन्हाळ्यात ठेकेदारासाठी तेंदूपत्त्याची फळी चालवायची, असं माझं वर्ष होतं. फळी म्हणजे पानं गोळा करायचं केंद्र. बाया-माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारपर्यंत घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि तीनच्या सुमारास फळीवर आणतात. मुंशी, म्हणजे फळी सांभाळणारा, ते पाहून घेतो आणि पुडे उघड्या मैदानात रांगेने वाळत घालतात. सावली असली तर पान सडतं. म्हणून फळीची जागा निवडताना झाड नसलेली जागाच निवडतात. आमच्या फळीला एका टोकाला एक मोहाचं झाड होतं, तेवढंच.

माझा राग

माझा अर्धा राग धंद्याचा होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

समोरचा भावावर अडून बसला की मी पोतं ढकलायचो, पायातली चप्पल काढून आपटायचो, "तुम्ही लोकं मले खाऊन टाका एकदाचं" असं ओरडत बाजाराबाहेर चालायला लागायचो. दहा पावलांत मागून हाक यायची. उरलेला अर्धा राग मात्र खरा होता, आणि कोणता कुठे संपतो ते मलाही धड सांगता आलं नसतं.

मनोहर हा माझ्या बायकोचा, शेवंताचा, धाकटा भाऊ. लग्नानंतर मीच त्याला धंद्यात घेतला. माणूस मऊ. एकदा केशोरीच्या बाजारात मी एका म्हाताऱ्याच्या चारोळीवरून भडकलो होतो, चप्पल हातात होती, आणि हा मधे आला. "जाऊ द्या नं भाटोजी, म्हातारा मानूस आहे." झालं, म्हाताऱ्याने माझं सोंग ओळखलं आणि भाव धरून ठेवला. परतताना जीपमध्ये मी मनोहरला सांगितलं, "आजपासून ध्यानात ठेव. मी भडकलो का माझ्याजवळ यायचं नाही. हात लावायचा नाही, पाणी आणायचं नाही, मधे बोलायचं नाही. मी आपोआप जागेवर येतो."

त्याने हा नियम दहा-बारा वर्षं पाळला. बाजारातल्या बायांनाही तो ठाऊक झाला होता. "सेठ भडकला वो, बसा सावलीत," असं म्हणून त्या तंबाखू मळत बसायच्या.

लाखेचा किडा

ऊन बदलतं आहे हे मला इतरांच्या आधी कळलं होतं, कारण माझा माल झाडावर होतो. मोह पूर्वीपेक्षा आधी गळायला लागला आणि मधेच गारा येऊन काळा पडायला लागला. तेंदूचं पान लहान आणि पातळ यायला लागलं. मे महिन्यातल्या रात्री अंगणात गोधडी घ्यावी लागायची ते मला आठवतं. आता पहाटेपर्यंत खाटेची दोरी गरम लागते.

सगळ्यात स्पष्ट दिसलं ते लाखेत. लाखेचा किडा पळसाच्या फांदीवर बसतो. ऊन एका मर्यादेपुढे गेलं की तो बसल्या जागी मरतो आणि फांदी कोरडी निघते. एका उन्हाळ्यात आमच्या भागातल्या कितीतरी पळसांवरचं बियाणं असं गेलं. ते पाहून मी काय केलं? माझ्याकडची लाख दाबून ठेवली. पुढे भाव चढणार हे मला समजलं.

ज्या उन्हात किडा मरतो त्या उन्हात मीही रोज तीन ते सात उभा असतो, एवढा एक हिशोब मात्र मला सुचला नाही.

त्या दिवशी

सकाळपासून डोकं जड होतं. शेवंता म्हणाली, "पन्हं पिऊन जा जी, अन् आज एकट्या मनोहरले पाठवा." मी म्हणालो, "तो एकटा गेला तर बाया त्याला पानाऐवजी पाला देतील." पन्हंही घेतलं नाही. उशीर होत होता. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पावसात पानं भिजली होती, तेव्हापासून मी सगळे पुडे स्वतः उलटवत होतो.

त्यानंतरचं जे मला आठवतं ते तुकड्या-तुकड्यांत आहे. एका बाईच्या पुड्यांत फाटकी पानं निघाली, मी ओरडलो. मग माझा आवाज मलाच लांबून यायला लागला. रांगा वाकड्या दिसत होत्या आणि त्या कुणीतरी मुद्दाम वाकड्या केल्या आहेत असं वाटून मला भयंकर संताप आला. मी पुडे लाथाडले. बाया हसत होत्या. नंतर मी जमिनीवर होतो, गालाखाली वाळलेली पानं होती. आणि शेवटचं आठवतं ते हे: लांब मोहाच्या झाडाखाली मनोहर बसला आहे, माझ्याकडे पाहतो आहे आणि उठत नाही.

तासाभराने सुकवारोबाई आली. तिची ओळख सांगायची तर ती गोंड म्हातारी, नवरा नाही, पानं आणि चारोळी यावर जगणारी, आणि बाजारात मला घाबरत नाही अशी एकटी. तिने तिच्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि माझे पाय धरून मला सावलीकडे ओढायला लागली. ओढताना ती मनोहरला गोंडीत शिव्या देत होती असं नंतर लोकांनी सांगितलं. मग सगळे धावले.

बर्फ

देवरीच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि तसंच पुढे गोंदियाला पाठवलं. गोंदियाच्या दवाखान्यात मला ओल्या चादरीत गुंडाळून काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला होता. बर्फ कमी पडला तेव्हा शेवंता समोरच्या लस्सीवाल्याकडून लादी घेऊन आली, पदराने धरून. तिच्या बोटांना त्याने फोड आले होते. नर्स मला हलवून विचारायची, "चाचा, नाम बताओ अपना." मी म्हणे चारोळीचा भाव सांगायचो. दरवेळी वेगळा, आणि दरवेळी आधीपेक्षा कमी.

तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. वॉर्डात उन्हाचे आम्ही तिघे होतो. एक सायकलरिक्षावाला, एक वीटभट्टीवरची बाई आणि मी. रिक्षावाला दुसऱ्याच दिवशी चालत घरी गेला. बाईची खाट एका सकाळी मोकळी दिसली. गादी उलटी करून ठेवली होती. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं होतं, पण तोंडातून शब्द निघाला तो चिखलात पाय अडकल्यासारखा. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

मुदत

ती गुंगी नव्हती. डॉक्टर तरुण होते, हिंदी-मराठी मिसळून बोलायचे. त्यांनी मला बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट डोळ्याकडे गेलं. चालायला सांगितलं. मी दारूड्यासारखा भिंतीला लागलो.

"चाचा, उन्हामुळे शरीर फार तापलं आणि बराच वेळ तसंच राहिलं. दिमाग का पीछेवाला हिस्सा है, जो तोल सांभाळतो, बोलणं सांभाळतो, त्याला मार बसला आहे."

"किती... दिवस?"

"सहा महिने, वर्ष. काही सुधारेल, काही राहील."

"तीन. तीन महिने... करा."

डॉक्टर हसले. मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. "चाचा, माझ्या हातात असतं तर तीनच दिवस केले असते."

मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, यात प्रत्येक दहा मिनिटांना किंमत असते. लवकर गार केलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं.

त्या क्षणी माझा हिशोब पक्का झाला. एक तास. मनोहर झाडाखाली बसून पाहत होता तो एक तास. माझी जीभ, माझे पाय, माझा हात, सगळं त्या तासात गेलं होतं आणि ते कुणी घालवलं हे मला माहीत होतं. मनोहर वॉर्डाच्या दारात आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा, जेवढं बोलता येत होतं तेवढ्यात सांगितलं, "माझ्या घरी... पाय ठेवू नको." तो डोक्याला दुपट्टा बांधून उभा होता. दारातूनच परत गेला.

आतली खोली

पुढची दोन वर्षं मी खोलीत काढली असं म्हटलं तर खोटं होणार नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकदा असं झालेल्या माणसाला ऊन पुन्हा लवकर धरतं. मार्च लागला की दहाच्या आत घरात यायचं आणि सूर्य बुडाल्यावर बाहेर पडायचं. आमच्याकडे उन्हाळा आता मार्चपासूनच असतो. जून अर्धा होईपर्यंत तो हलत नाही. म्हणजे वर्षाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त आतल्या खोलीत, दाराला ओलं बारदान लावून. कूलर होता, पण वीज दिवसाचे कितीतरी तास नसायची. वीज गेली की कूलरचा आवाज थांबायचा आणि गाव ऐकू यायचं. फळीकडे जाणाऱ्या बाया बोलत जायच्या. त्यांचं बोलणं लांब गेलं की मी पुन्हा बारदानातून ठिबकणारं पाणी ऐकत बसायचो.

भीती दुपारी यायची. घड्याळात तीन वाजायला आले की छाती धडधडायची, अंग तापतं आहे असं वाटायचं. मी थर्मामीटर लावायचो. ताप नसायचा. दहा मिनिटांनी पुन्हा लावायचो. रात्री झोप नाही. कधी कधी काही कारण नसताना रडू यायचं, आणि ते शेवंताने पाहू नये म्हणून मी तिच्यावरच ओरडायचो. पण ओरडणंही आता जमत नव्हतं. शब्द तोंडात घोळायचे आणि निघेपर्यंत राग थंड झालेला असायचा. ती मान खाली घालून ऐकायची. तिचा भाऊ मी घराबाहेर काढला होता, तिने त्यावर एक शब्द काढला नव्हता. राखीला ती एकटीच त्याच्या घरी जाऊन यायची आणि आल्यावर मला विचारायची, भात टाकू काय?

मुलगी बालाघाटला दिलेली. ती फोन करायची. माझं बोलणं तिला फोनवर कळायचं नाही, मग ती म्हणायची, "बाबा, आईकडे द्या."

एका उन्हाळ्यात मला आमच्या विहिरीकडे जायची भीती वाटायला लागली. तहानेसाठी नव्हे, दुसऱ्याच विचाराने. हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. लिहितो. मी ते शेवंताला सांगितलं. तिने विहिरीचा विषयही काढला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मला गोंदियाला नेलं आणि डॉक्टरांसमोर बसवून म्हणाली, "हे जे मले बोलले ते तुमाले बी सांगतील." डॉक्टरांनी ऐकलं, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला पटली: उन्हाने झालेली इजा फक्त चालण्या-बोलण्यातच दिसते असं नाही, झोपेत आणि जिवाच्या उमेदीतही दिसते, आणि त्यालाही औषध आहे. तुमच्या घरी कुणी असं गप्प झालं असेल तर वाट पाहू नका.

भाव न करणारी माणसं

सर्वांत वाईट दिवस कोणता म्हणाल, तर पहिल्यांदा बाजारात गेलो तो. हिवाळा होता. काठी घेऊन माझ्या जुन्या जागेवर बसलो. एक बाई मोहाची टोपली घेऊन आली. मी मुद्दाम पडता भाव सांगितला, जसा नेहमी सांगायचो. तो सांगायलाच मला इतका वेळ लागला की तिने डोळे खाली केले. मग म्हणाली, "घ्या नं जी."

मी थांबलो. ती ओरडेल, टोपली उचलेल, दुसऱ्याकडे जाईल असं वाटलं. ती तशीच उभी. तिच्यामागचा माणूस, तोही, "घ्या सेठ, काय देता ते द्या." सगळे तसेच. मला आयुष्यात इतका स्वस्त माल मिळाला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन मी जेवलो नाही.

माझ्याशी कुणी घासाघीस करत नव्हतं. बाजारातली माणसं माझ्यावर चिडेनाशी झाली होती. ती माझ्याशी एखाद्या आजारी मुलाशी बोलावं तसं बोलत होती, आणि मी निघालो की पाठीमागे हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. जे मला ओळखत नव्हते ते म्हणायचे, सेठ दिवसाच दारू घेऊन बसला वाटते. ते त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

फक्त सुकवारोबाई बदलली नाही. ती आली, चारोळीची पोटली मांडीवर ठेवली, मी भाव सांगेपर्यंत तंबाखू मळून खाल्ला आणि म्हणाली, "का सेठ, जीभ बोथट झाली तं भाव बी बोथट केला का? ह्या भावात मी माझ्या कोंबडीले बी चारोळी चारनार नाई."

मी म्हणालो, "माल... ओला आहे."

"तुझे डोळे ओले आहेत. माल सुका आहे. दात लावून पाह्य."

अर्धा तास आमचं चाललं. ती माझं वाक्य कधी पुरं करून देत नव्हती. मी अडखळलो की थांबायची, संपलं की तोडायची. शेवटी भाव तिच्याच बाजूने पडला. मला इतकं बरं त्या दवाखान्यातल्या कुठल्या गोळीने वाटलं नव्हतं. मग ती दर बाजाराला यायला लागली. मालाची पोटली कधी कधी इतकी लहान असायची की एवढ्यासाठी कुणी आठ मैल चालत येणार नाही. मी ते तिला बोलून दाखवलं नाही.

सुकवारोबाईने सांगितलं ते

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती घरीच आली, सकाळी. ओसरीत बसून आमचा भाव चालला होता. मला तिच्याबद्दल चांगलं काही बोलायचं होतं आणि मला ते सरळ जमत नाही, म्हणून मी म्हणालो, "माझा साळा बसून पाहत होता. तू... एकटी आलीस."

तिने मान वर केली. "कोन म्हनते?"

"मी म्हणतो. मी पाह्यलं."

"तू का पाह्यलं? तुले तं तुझं नाव येत नव्हतं. मनोहर आला होता. पह्यले पानी घेऊन आला, तू लोटा उडवून देला. मंग खांद्यावर घ्याले आला, तं रांगेच्या टोकाचा दगड उचलून त्याच्या कपाळावर मारला तू. केवढं रगत. दुपट्टा दाबून तो मोहाखाली जाऊन बसला. आमी बाया हसून राह्यलो होतो, सेठ भडकला म्हनून. मंग हसू थांबलं. मंग मले तुझा आवाज आला नाई, म्हनून मी उठली."

"खोटं."

"त्याचं कपाळ पाह्य. अन् आता चारोळीचं बोल, मले ऊन व्हायच्या आत घरी जायचं आहे."

मी चारोळी तिच्या भावाने घेतली. ती गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. शेवंता चुलीपुढे होती. मी एवढंच म्हणालो, "दगड?"

तिने वळून पाहिलं नाही. "तीन टाके पडले त्याले."

"सांगितलं... काऊन नाही?"

"कधी सांगू? त्याचं नाव काढलं का तुमी ताट सरकवता. आधी डॉक्टर म्हणाले यायले तरास देऊ नका. मंग मनोहरच म्हणाला, बाई सांगू नको, त्यायले लाज वाटंल." मग ती वळली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली पण तो आवाज मी ऐकला नव्हता. "अन् सांगितलं असतं तं मानलं असतं काय तुमी?"

मानलं नसतं.

उरलेला हिशोब

आता कुणाला वाटेल की मी लगेच मनोहरकडे गेलो. मी तसा माणूस नाही. मी घासाघीस करणारा माणूस आहे, आणि ती मी स्वतःशीही केली. ठीक आहे, तो आला होता. ठीक आहे, दगड मी मारला. पण दगड लागल्यावर तरी तो बसूनच राहिला ना? आला ते दहा मिनिटांत आला असेल. उरलेला वेळ? त्या वेळेला किंमत असते हे डॉक्टर म्हणाले होते. एका तासाच्या तक्रारीतून मी दहा मिनिटं सोडली आणि उरलेली पन्नास मिनिटं आणखी दोन महिने धरून बसलो. आतल्या खोलीत, बारदानाच्या मागे, रोज दुपारी तीन वाजता.

त्या उन्हाळ्यात फळी मनोहर चालवत होता. ठेकेदाराने माझ्यानंतर ती त्यालाच दिली होती. बाया माझ्या दारावरून जाताना त्याचं नाव घ्यायच्या. मे महिन्यात एका दुपारी ऊन असं होतं की वीज गेल्यावर भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. घड्याळात तीन वाजले होते. नेहमीप्रमाणे छाती धडधडायला लागली, पण त्या दिवशी भीती माझ्यासाठी नव्हती. या उन्हात तो तिथे उभा आहे आणि त्याला कुणी पाहायला नाही, असं मनात आलं. त्याची मनगटं, त्याचं ते मधे मधे थांबून घाम पुसणं दिसायला लागलं. तोपर्यंत मला वाटत होतं की त्या मैदानावर मी एकटाच सोडला गेलो.

सूर्य बुडाल्यावर काठी घेऊन निघालो. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पूर्वी पाच मिनिटांत जायचो, आता वीस लागली. तो अंगणात हातपाय धूत होता. मला पाहून त्याने बादली खाली ठेवली.

"या भाटोजी."

"कपाळ... दाखव."

"कायले?"

"दाखव म्हणतो."

त्याने केस वर केले. भुवईच्या वर पांढरी रेघ, बोटाच्या दोन पेरांएवढी. मी ती बरीच पाहिली. मग, काय करणार, स्वभाव जात नाही, मी विचारलं, "मंग... बसून काऊन राहिला?"

तो खाटेच्या कडेवर बसला. "दगड लागला म्हनून नाई बसलो. मले वाटलं तुमी खरंच भडकले. तुमचाच कायदा होता नं, जवळ यायचं नाई, आपोआप जागेवर येतो. तुमी खाली पडले तरी शिव्या देऊन राह्यले होते. मी बसलो अन् वाट पाहून राह्यलो, का आता येतील जागेवर, आता येतील." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "त्या तासाचं मले बी सुटत नाई भाटोजी. फळीवर रोज चार वाजता मी त्या जागेवर पाय ठेवत नाई. बाया वळसा घालून जाणारा मुंशी म्हनतात मले."

मला वाटत होतं की तो तास माझा एकट्याचा आहे.

मला माफी मागायची होती. ते शब्द मला धडधाकट असतानाही येत नव्हते. तोच म्हणाला, "एक विचारू? पुढं कधी तुमाले पुन्हा तसं झालं, तं मी काय करू? जवळ येऊ का नाई येऊ? एकदाचं सांगून ठेवा."

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. पहिलं अक्षर तीनदा अडकलं. त्याने वाक्य पुरं करून दिलं नाही, तो थांबला.

"ये," मी म्हणालो. "मारलं तरी ये."

आता

मी पूर्ण बरा झालो नाही आणि होणार नाही. मार्च ते जून दुपार आतल्या खोलीतच जाते आणि ती लांब असते. पण आता डॉक्टरांना विचारून, ऊन उतरल्यावर, पाचनंतर, मनोहर जीप घेऊन येतो आणि मी तासभर फळीवर बसतो. आम्ही दोघांनी ठेकेदाराशी भांडून फळीची वेळ पुढे ढकलून घेतली. मनोहरने सौम्यपणे सांगितलं, मी अडखळत शिव्या दिल्या. मैदानाच्या कडेला बांबूचा मांडव आहे आणि रांजण आहेत. पुडे उन्हात वाळतात, माणसं सावलीत बसतात. याला फार खर्च येत नाही. आधी सुचलं नव्हतं, इतकंच.

पानं पाहिली की मी अजून भडकतो. फाटकं पान सत्तरात घुसवलेलं मला दिसतं आणि माझा आवाज चढतो, जमेल तेवढा. पूर्वी अशा वेळी सगळे लांब व्हायचे. आता मनोहर हातातलं काम टाकून येतो आणि सरळ माझ्या मानेवर तळहात ठेवतो. डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं आहे: अंग कोरडं आणि भट्टीसारखं लागलं तर क्षणभर थांबायचं नाही, पाणी ओतायचं आणि न्यायचं; पण घाम असला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, नाव विचारायचं, वार विचारायचा, उत्तर उलटसुलट आलं तरी न्यायचं. म्हणून तो चारचौघांत मला विचारतो, "भाटोजी, तुमचं नाव काय? आज वार कोणता?" बाया पदरात तोंड घालून हसतात. मला भयंकर राग येतो. मी नाव सांगतो, वार सांगतो, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

तो सगळं ऐकून घेतो. मग माझ्या मानेवरचा ओला हात आपल्या दुपट्ट्याला पुसतो आणि बायांकडे वळून म्हणतो, "ठीक आहेत. राग खरा आहे. चालू द्या."